१२ डब्यांच्या सगळ्या लोकल १५ डब्यांच्या करायला नेमकं अडतं कुठे?

स्लो_डाऊन (धागाकर्ता)

मुंबई उपनगरी मार्गावर ९ डब्यांची लोकल १२ डब्यांची झाली तेव्हा एका फेरीची क्षमता ३३ टक्क्यांनी वाढली. १२ ची १५ केली तर आणखी २५ टक्के, तेही नवा रूळ न टाकता. पश्चिम रेल्वेवर १५ डब्यांची लोकल २००९ पासून आहे, मध्य रेल्वेवर २०१२ पासून. अंधेरी–विरार धीम्या मार्गावर ती जून २०२१ मध्ये आली. तरीही बहुतेक फेऱ्या १२ डब्यांच्याच.

तीन डबे म्हणजे जेमतेम ६५ मीटर. फलाट तेवढा वाढवला की झालं, असं वरवर वाटतं. मग घोडं अडतं कुठे? फलाटाखेरीज काय काय बदलावं लागतं, वीज पुरते का, आणि गाडी लांब झाल्यामुळे दोन गाड्यांमधली वेळ वाढते का, हे जाणून घ्यायचं आहे. ‘निधी नाही’, ‘इच्छाशक्ती नाही’ ही उत्तरं सगळीकडे वाचून झाली आहेत. तांत्रिक बाजू लिहा, आकड्यांसकट.


फाउलिंग_मार्क

फलाट हा यातला सगळ्यात सोपा भाग. पण तोही भराव टाकून फरशी बसवण्याइतका सोपा नसतो, म्हणून आधी तोच घेतो.

१२ डब्यांचा रेक (जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी) साधारण २६० मीटर, १५ डब्यांचा ३२५. मोटरमन दर वेळी त्याच रेघेवर थांबेल असं धरता येत नाही, त्यामुळे फलाट ३३५–३४० मीटरचा लागतो. ब्रॉडगेजवर फलाटाची कड रुळांच्या मध्यरेषेपासून १.६७ ते १.६८ मीटरवर हवी, म्हणजे सूट फक्त १० मिलिमीटरची. मुंबईत उंची ९०० ते ९२० मिलिमीटर ठेवतात. देशात इतरत्र उंच फलाट ७६० ते ८४० च्या दरम्यान असतो. टोकाचा उतार १:६ पेक्षा तीव्र चालत नाही, म्हणजे ९२० ला साडेपाच मीटरचा उतार. वाढवताना आधी हा जुना उतार तोडायचा, मग भिंत, थराथराने दाबलेला भराव आणि शेवटी कडेची लादी (कोपिंग). भराव घाईत दाबला तर पावसाळ्यानंतर भिंत रुळाकडे कलते, ते १० मिलिमीटर संपतात आणि डबा घासू नये म्हणून वेगमर्यादा लावावी लागते. २०२४ मध्ये ठाण्याचा ५–६ क्रमांकाचा फलाट रुंद करताना प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून तयार केलेले, काँक्रीटचे ठोकळे वापरले. त्यांचा मोठा फायदा हाच: भराव दाबत बसावं लागत नाही, गाड्या बंद ठेवायच्या ठरावीक वेळेत (ब्लॉकमध्ये) काम बसतं.

पण फलाट जिथे संपतो तिथून पुढचे ६५ मीटर मोकळे कुठे असतात?

पहिली अडचण ओव्हरहेडच्या, म्हणजे वरच्या विजेच्या तारेच्या खांबांची. फलाटाबाहेर हे खांब रुळांच्या मध्यापासून साधारण २.८ मीटरवर असतात. फलाटावर मात्र अंतर ४.७५ मीटर लागतं. खांब तसाच ठेवून फलाट वाढवला तर तो कडेपासून १.१ मीटरवर येतो, म्हणजे बरोबर उतरणाऱ्यांच्या वाटेत. ६५ मीटरमध्ये असा एखादा तरी खांब सापडतोच. मग नवा पाया, नवा खांब किंवा तीन-चार रूळ ओलांडणारी कमान (पोर्टल), आणि पॉवर ब्लॉक घेऊन, म्हणजे वीज बंद ठेवून, तार त्याच्यावर चढवायची. रात्री शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यामध्ये जेमतेम तीन तास. त्यातून वीज बंद करणं, अर्थिंग लावणं, काम संपल्यावर ते काढून पुन्हा वीज सोडणं हे वजा केलं की हातात दोन तास उरतात.

खांबांच्या जोडीला सिग्नलच्या केबल, नाल्यावरचा छोटा पूल, रस्त्याच्या पुलाचा खांब, आणि काही ठिकाणी दिवा स्थानकासारखं रस्त्याचं फाटक. फाटकाच्या रस्त्यावर गाडी उभी ठेवता येत नाही, त्यामुळे त्या बाजूला फलाट वाढवायचा असेल तर आधी रस्ता वरून न्यावा लागतो. हे काम रेल्वेच्या एकटीच्या हातात नसतं, पोहोचरस्ता महापालिकेचा.

आता सिग्नल. फलाट पुढच्या टोकाला वाढवायचा की मागच्या, यावर सगळं ठरतं.

पुढे वाढवला तर स्टार्टर सिग्नल (गाडीला फलाटावरून सुटायची परवानगी देणारा) ६५ मीटर पुढे सरकवायचा. त्याच्याबरोबर ट्रॅक सर्किटचा (रुळावर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या विजेच्या मंडलाचा) इन्सुलेटेड जॉइंट सरकतो आणि सिग्नलपुढचा ओव्हरलॅपही सरकतो. ऑटोमॅटिक सिग्नलिंगमध्ये तो १२० मीटर असतो. सिग्नलपुढचे तेवढे मीटर रिकामे असल्याशिवाय मागच्या गाडीला तिथपर्यंत येऊ देत नाहीत. स्टार्टर पुढे गेला की पुढच्या सिग्नलपर्यंतचं अंतर ६५ मीटरने घटतं आणि ब्रेक लागायला ते पुरतं का, हे पुन्हा तपासावं लागतं. एक सिग्नल हलवला की पुढचे दोन-तीन हलतात.

मागे वाढवला तर स्टार्टर जागेवर राहतो, पण उभ्या गाडीचं शेपूट ६५ मीटर मागे येतं. ते आधीच्या सिग्नलच्या १२० मीटरमध्ये घुसलं की फलाटावर गाडी उभी असेपर्यंत मागची गाडी एक सिग्नल अलीकडेच अडकणार. फलाट झाला, १५ डबेही आले, आणि दोन गाड्यांमधली वेळ वाढली. हे उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही, सकाळी साडेआठला दिसतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या ६५ मीटरमध्ये क्रॉसओव्हर (एका रुळावरून शेजारच्या रुळावर नेणारा जोड) असेल तर. उभी गाडी फाउलिंग मार्कच्या, म्हणजे दोन रूळ जवळ येतात तिथल्या हद्दीच्या खुणेच्या आत हवी, नाहीतर शेजारच्या रुळावरून जाणारी गाडी तिला घासेल. क्रॉसओव्हर हलवायचा म्हणजे पॉइंट (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारे सरकते रूळ), पॉइंट मशीन, सिग्नल, इंटरलॉकिंगचा (पॉइंट आणि सिग्नल एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) तक्ता, पॅनेल किंवा इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगचं सॉफ्टवेअर, सगळंच नवं. प्रत्येक मार्ग लावून बघायचा: पॅनेलवर जे दिसतं तेच जमिनीवर आहे का. मग रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी. जोडणी बदलताना नॉन-इंटरलॉकिंग ब्लॉक. त्या काळात पॉइंट हाताने फिरवून क्लॅम्प आणि कुलूप लावतात, गाड्या रखडत जातात. बातमीत ‘यार्ड रिमॉडेलिंग’ असं छापून येतं ते हे.


पंचवीस_केव्ही

वरच्या प्रतिसादाला +१. विजेचं मी घेतो.

जुना १५०० व्होल्ट डीसी पुरवठा पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर एप्रिल २०१६ मध्ये संपला. आता सगळीकडे २५ केव्ही एसी. १५ डब्यांची चर्चा या बदलाशिवाय अपुरी आहे.

लोकलचं युनिट तीन डब्यांचं: एक मोटर कोच (मोटर असलेला डबा), दोन ट्रेलर (बिनमोटरचे डबे). १२ डब्यांत चार मोटर कोच, १५ डब्यांत पाच. म्हणून १५ डब्यांची गाडी ‘जड आहे म्हणून हळू उठते’ हा गैरसमज आहे, वजनाच्या प्रमाणात जोरही वाढतो. एका मोटर कोचला चार मोटर, प्रत्येक सुमारे २४० किलोवॅट. म्हणजे १२ डब्यांना ३,८४० किलोवॅट, १५ डब्यांना ४,८००. हे १५०० व्होल्टवर द्यायचे तर अनुक्रमे २,५६० आणि ३,२०० अँपिअर. २५ केव्हीवर हाच हिशेब १५४ आणि १९२ अँपिअरवर येतो (नुकसान आणि पंखे-दिवे धरलेले नाहीत). डीसीवर १५ डबे धावूच शकत नव्हते असं नाही, सुरुवातीच्या मोजक्या फेऱ्या त्या काळातल्याच आहेत. पण सगळ्या गाड्या तशा केल्या असत्या तर गाड्या एकदम सुटताना तारेतला विजेचा दाब इतका पडला असता की त्या उठल्याच नसत्या.

आता तारेचा प्रश्न नाही, सबस्टेशनचा आहे. रेल्वेवर सर्रास दिसणारा ट्रान्सफॉर्मर २१.६ एमव्हीएचा (एक एमव्हीए म्हणजे ढोबळमानाने हजार किलोवॅट). त्याच्या हद्दीत १५ डब्यांच्या चार गाड्या एकाच वेळी पूर्ण जोराने सुटल्या की तो काठोकाठ येतो. थोडा वेळ जादा भार तो सोसतो, आणि ब्रेक लावणारी थ्री-फेज गाडी वीज परत तारेत देते, त्यामुळे रोज हे होत नाही. होतं कधी? खोळंबा झाल्यावर. अर्धा तास अडकलेल्या सगळ्या गाड्यांना एकदम सिग्नल मिळतो तेव्हा. म्हणून क्षमता मोजताना वेळापत्रक धरून चालत नाही, खोळंब्यानंतरचा तो क्षण धरावा लागतो.

आणखी एक बारीक बाब न्यूट्रल सेक्शनची. दोन सबस्टेशनांच्या पुरवठ्यांमध्ये तारेचा एक मृत तुकडा असतो. त्याच्या आधी मोटरमन ब्रेकर उघडतो (वीज तोडतो) आणि पलीकडे गेल्यावर बंद करतो (वीज पुन्हा जोडतो). वीज पुन्हा जोडायची पाटी शेवटचा पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) पार झाल्यावर यायला हवी. गाडी ६५ मीटर लांब झाली की शेवटचा पेंटोग्राफही मागे जातो, त्यामुळे पाटी पुढे न्यावी लागते. शिवाय न्यूट्रल सेक्शनच्या आधीचा सिग्नल अशा जागी नको की तिथून सुटलेल्या गाडीला वेग धरायच्या आतच वीज सोडावी लागेल.

अवांतर: एसी रूपांतरातच जुने बुटके पूल आडवे आले. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला. पहिला वातानुकूलित (एसी) लोकलचा रेक मध्य रेल्वेकडे आला होता, पण उंची जास्त आणि सीएसएमटी–कुर्ला पट्ट्यात पूल खाली, म्हणून तो पश्चिमेला गेला आणि २५ डिसेंबर २०१७ ला तिथे धावला. मध्य रेल्वेला पुढे कमी उंचीचे रेक मिळाले. त्यात यंत्रसामग्री डब्याखाली असते, त्यामुळे मोटर कोचमधली जागाही प्रवाशांना मिळते. वातानुकूलित गाडी आणि १५ डबे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण पूल दोन्हीकडे आडवा येतो: एकदा त्याची उंची, एकदा त्याचा खांब.


पाथ_नंबर

मूळ प्रश्नातला शेवटचा भाग कळीचा आहे. लांब गाडीमुळे दोन गाड्यांमधली वेळ वाढते का? वाढते. पण सगळीकडे सारखी नाही.

मधल्या स्थानकावर बघा. गाडी थांब्यावरून सुटते आणि पूर्ण लांबीएवढी पुढे गेली की फलाट मोकळा. ०.५४ मीटर प्रति सेकंद वर्ग प्रवेग कायम राहतो असं धरलं तर २६० मीटरला ३१ सेकंद लागतात, ३२५ मीटरला ३४.७. फरक पावणेचार सेकंदांचा. वर सांगितलेली ओव्हरलॅपची भानगड नीट सोडवली असेल तर मधल्या स्थानकांवर १५ डब्यांची किंमत जवळपास शून्य.

आता टर्मिनसच्या तोंडाशी या. तिथे गाडी एका क्रॉसओव्हरवरून दुसऱ्या रुळावर जाते. टर्नआउट (रूळ फुटायची जागा; आकडा मोठा तितकं वळण सावकाश) १:८.५ चा असेल तर वेग ताशी १५ किमी, १:१२ चा चांगल्या स्थितीतला असेल तर ३०. शेवटचं चाक पॉइंटवरून उतरल्याशिवाय पुढच्या गाडीचा मार्ग लागत नाही. जादा ६५ मीटर पार करायला १५ च्या वेगाने साडेपंधरा सेकंद, ३० च्या वेगाने पावणेआठ. आणि हा दंड दोनदा बसतो, आत येताना आणि बाहेर पडताना. म्हणजे १५ डब्यांची खरी किंमत चर्चगेट, सीएसएमटी, कल्याण, विरार इथे मोजायची, घाटकोपरला नाही.

त्यात फलाट किती वेळ अडकतो ते धरा. चर्चगेटला चार फलाट. तासाला ३० गाड्या घ्यायच्या तर प्रत्येक फलाटाला एका गाडीमागे ८ मिनिटं मिळतात. यातच गाडी आत येणं, उतरणारे-चढणारे, मोटरमन-गार्डची टोकं बदलणं, ब्रेकची तपासणी, सुटणं आणि पॉइंट मोकळा होणं. माणूस गर्दीतून चालत ३२५ मीटर जायला साडेचार मिनिटं तरी घेतो. म्हणून टर्मिनसला दुसरा मोटरमन सुटणाऱ्या टोकाला आधीच उभा लागतो, आणि आलेला मोटरमन मागून येणारी गाडी घेतो. एवढ्या बदलासाठी कर्मचाऱ्यांचं अख्खं लिंक (ड्युटीचं वेळापत्रक) नव्याने बांधावं लागतं.

आता साधं गणित. तासाला १२ डब्यांच्या १६ गाड्या म्हणजे १९२ डबे. १५ डब्यांच्या १३ गाड्या म्हणजे १९५. पावणेचार मिनिटांची गाडी साडेचार मिनिटांवर गेली की सगळा फायदा पाण्यात, वर प्रवासी जास्त वेळ फलाटावर. २५ टक्के वाढ ही एकही फेरी न गमावता मिळाली तरच २५ टक्के.

जुन्या १२ डब्यांच्या रेकमधून १५ डब्यांचे जोडायचा मार्गही सुचवला जातो. पाच रेक मोडून चार होतात. डबे तेवढेच, फेऱ्या कमी. नवीन तीन-तीन डब्यांची युनिट आली तरच त्याला अर्थ आहे.

वळवणुकीचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून सांगतो, कारण रोजच्या कामात तोच सगळ्यात जास्त छळतो. १५ डब्यांच्या गाड्या आधी जलद मार्गावर का आल्या? थांबे कमी, म्हणजे वाढवायचे फलाट कमी. पण रविवारी माटुंगा–मुलुंड जलद मार्गावर मेगाब्लॉक असला की जलद गाड्या धीम्यावर वळवतात. धीम्याचे फलाट १२ चे असतील तर १५ ची गाडी तिथे थांबू शकत नाही. तीन डबे खडीवर. रूळ तुटला, पॉइंट बिघडला तरी तेच. मग नियंत्रण कक्षाला ती गाडी रद्द करावी लागते, किंवा थांबे गाळून न्यावी लागते. उद्घोषणा करूनही मागच्या डब्यातून कुणीतरी उडी मारतंच. म्हणून दोन्ही मार्गांचे फलाट होईपर्यंत १५ ची फेरी ही वेळापत्रकातली अवघड जागा राहते.


स्लो_डाऊन (धागाकर्ता)

@पाथ_नंबर, १९२ विरुद्ध १९५ हे डोळे उघडणारं आहे. मग उलट प्रश्न: १२ डबेच ठेवून सीबीटीसी (रेडिओवर चालणारी सिग्नल यंत्रणा) आणलं आणि गाड्या जवळजवळ सोडल्या तर? फलाट, खांब, यार्ड कशालाच हात लावायला नको.


मूव्हिंग_ब्लॉक

हात लावायला नको हे फारसं खरं नाही.

आजची पद्धत अशी: रुळाचे ठरावीक तुकडे, प्रत्येकाला सिग्नल, लाल ओलांडू नये म्हणून रुळालगत चुंबक असलेली एडब्ल्यूएस ही सुरक्षा यंत्रणा. पुढची गाडी तुकड्यात शेवटचं चाक ठेवून असेल तरी तो अख्खा तुकडा अडलेला. सीबीटीसीमध्ये गाडी आपली जागा सतत रेडिओवरून कळवते आणि मागची गाडी पुढच्या गाडीच्या शेपटापासून ब्रेकच्या अंतराएवढी मागे धावते. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी ३ए मध्ये (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या टप्प्यात) हेच धरलं होतं.

यातून दोन स्थानकांच्या मधला वेळ वाचतो. थांब्याचा वेळ वाचत नाही. फलाटावर गाडी ३० ऐवजी ५० सेकंद थांबली तर जगातलं कुठलंही सिग्नलिंग ते २० सेकंद परत देत नाही. टर्मिनसला पॉइंट फिरायचा, कुलूपबंद व्हायचा आणि गाडीने तो १५ किमीने पार करायचा वेळही तसाच राहतो. म्हणून सीबीटीसी आणायचं तरी टर्मिनसच्या तोंडाशी १:८.५ काढून १:१२ टाका, हे काम चुकत नाही. तिथे जागाच नसते, ही खरी बोंब: १:१२ चा टर्नआउट लांब, तो बसवायला यार्ड पुढे सरकवावं लागतं.

दुसरं, जलद मार्गावर मेल-एक्स्प्रेस येतात. ज्या इंजिनावर उपकरण नाही, त्याची जागा यंत्रणेला कळत नाही. त्याच्यापुरता जुना ठरावीक तुकडाच धरावा लागतो, आणि अशी एक गाडी मध्ये आली की मागच्या चार लोकलची जवळीक गेली. म्हणूनच पाचवी-सहावी मार्गिका हा सिग्नलिंगचाच भाग समजावा. ठाणे–दिवा फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या पूर्ण वेगळ्या होतील त्या पट्ट्यातच सीबीटीसीचा खरा फायदा दिसेल.

तिसरं, वीज. गाड्या जवळ आल्या म्हणजे एका सबस्टेशनच्या हद्दीत जास्त गाड्या. पंचवीस_केव्ही यांनी दिलेला हिशेब इथेही लागू, फरक एवढाच की डब्यांऐवजी गाड्या वाढल्या.


पूल_नंबर_३

थांब्याच्या वेळेबद्दल दोन गोष्टी.

थांब्याचा वेळ सरासरी दारावर ठरत नाही, सगळ्यात गर्दीच्या दारावर ठरतो. ते दार कुठे असतं? जिन्यासमोर. जुने जिने ९ आणि १२ डब्यांच्या हिशेबाने बसलेले. पुढे ६५ मीटर फलाट वाढवला आणि तिथे पूल दिला नाही, तर वाढलेले तीन डबे हवेशीर धावतात आणि मधल्या डब्यांत पाय ठेवायला जागा नसते. थांब्याचा वेळ तेवढाच, क्षमता कागदावर. म्हणून फलाटाच्या आराखड्यातच टोकाचा जिना धरावा, तोही असा की उतरणारे पहिल्या पायरीपाशी तुंबून फलाटाची कड अडवणार नाहीत. जिन्याच्या बाजूची आणि फलाटाच्या कडेची मधली पट्टी अरुंद झाली की तो जिना नसता तर बरं असं वाटायला लागतं.

दुसरी गोष्ट दारांची. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर बिगर-एसी रेकनाही आपोआप बंद होणारी दारं देण्याचं ठरलं. हवेसाठी दारांना झडपा, छतावरून हवा आणि डब्यांमध्ये ये-जा करायची वाट. सुरक्षेसाठी हे हवंच. पण वेळापत्रकात त्याची जागा आधी करा. सगळी दारं बंद झाल्याचा संकेत मिळाल्याशिवाय मोटरला वीज जात नाही. १५ डब्यांतल्या एका दारात एक सॅक अडकली की पूर्ण गाडी उभी. डबे वाढले की दारं वाढतात, आणि असं घडण्याची शक्यताही त्याच प्रमाणात वाढते. उघडणं-मिटणं धरून प्रत्येक थांब्याला आठ-दहा सेकंद जादा धरले तर वीस थांब्यांच्या धीम्या गाडीला तीन मिनिटं लागतात, आणि तीन मिनिटं म्हणजे जवळपास एक फेरी.


फाउलिंग_मार्क

@पूल_नंबर_३ सहमत. एक पुरवणी: इंडिकेटरवर १२ की १५ हे दिसतं, पण थांबण्याची जागा ठरवणाऱ्या पाट्या फलाटाच्या टोकाला वेगवेगळ्या असतात. बारा आणि पंधराच्या गाड्या मिसळून धावत असतील तर १२ ची गाडी कुठे थांबवायची हे आधी ठरवा. पुढच्या टोकाला थांबवली तर मागे पळापळ, मध्यभागी थांबवली तर दोन्हीकडे. लेडीज आणि फर्स्ट क्लासच्या खुणाही प्रत्येक प्रकाराला वेगळ्या. १५ चा रेक बिघडला आणि त्याच्या जागी १२ चा आला की शेवटच्या तीन डब्यांची माणसं धावत सुटतात, आणि त्या एका फेरीला थांब्यावर मिनिट-मिनिट जातं. राखीव रेक १५ चाच ठेवावा लागतो तो यासाठी.


स्लो_डाऊन (धागाकर्ता)

हे मनात आलं नव्हतं. मग राखीव रेक आणि रात्रीचे रेक उभे कुठे करतात? कारशेडबद्दल कुणी लिहिलं नाही.


पिट_लाइन

कारशेडमध्ये दोन वेगळ्या जागा लागतात: तपासणीची आणि नुसती उभी करायची.

तपासणीची पिट लाइन म्हणजे रुळाखालचा खड्डा, ज्यात उभं राहून ब्रेक, मोटर, गिअरकेस, चाकं बघतात. १२ डब्यांच्या पिटवर १५ चा रेक घेतला तर एक युनिट बाहेर राहतं. मग अर्धी तपासणी करून रेक पुढे ओढायचा आणि उरलेलं युनिट बघायचं. काम होतं, पण एका रात्रीत जिथे दोन रेक सुटायचे तिथे एकच सुटतो. वर छप्पर असेल तर त्याची लांबी आणि छतावरच्या तपासणीचा कट्टाही वाढवावा लागतो, कारण पेंटोग्राफ आणि ब्रेकर डब्याच्या टपावर असतात.

उभी करायची जागा हे याहून मोठं दुखणं. समजा एका सायडिंगची (गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळाची) उपयोगी लांबी ५५० मीटर. त्यात १२ चे दोन रेक एकामागे एक मावतात: २६० अधिक २६०, वर ३० मीटर सुरक्षित अंतर. १५ चे दोन म्हणजे ६५० मीटर. मावत नाहीत. म्हणजे गाडी २५ टक्के लांब झाली आणि सायडिंगची क्षमता निम्म्यावर आली. यार्डाला दोन्हीकडून वस्ती किंवा खाडी असेल तर १३० मीटर लांबी मिळवणं म्हणजे जमीन मिळवणं, आणि फलाटाच्या भाषेतले ६५ मीटर इथे लागू पडत नाहीत.

मधला मार्ग निघतो. एका सायडिंगवर १५ चा एक आणि उरलेल्या २२५ मीटरमध्ये ९ डब्यांएवढी युनिटं, दुरुस्तीच्या वाटेवरची. किंवा रात्री काही रेक टर्मिनसच्या आणि मोठ्या स्थानकांच्या फलाटांवरच उभे ठेवायचे. पण त्या फलाटांवर मग रात्रीचं काम करता येत नाही, आणि वर फाउलिंग_मार्क यांनी लिहिलेले ते दोन तास नेमके याच फलाटांवर हवे असतात.

क्रम विचाराल तर कारशेड आणि सायडिंग पहिलं, टर्मिनसचं यार्ड दुसरं, सबस्टेशन त्याच्या जोडीने, मधले फलाट त्यानंतर आणि रेक शेवटी. प्रत्यक्षात मधले फलाट आधी होतात, कारण ते सुटे सुटे करता येतात आणि काम झालेलं दिसतं. तसं केलं तरी बिघडत नाही, फक्त धीम्या मार्गावरचा शेवटचा फलाट होईपर्यंत त्या मार्गाला १५ ची एकही फेरी देऊ नये. एखाद्याच स्थानकावर फलाट बारा डब्यांचा राहिला असेल तर तो थांबा गाळायचा मोह होतो. गाळला की तिथले प्रवासी पुढच्या-मागच्या १२ च्या गाडीत चढतात, ती गाडी थांब्यावर तुंबते आणि तिच्या मागे १५ ची गाडी सिग्नलला उभी राहते.